वाक्यात न मावणारा क्रमांक

ते पुस्तक मला सात महिने मिळालं नाही. मुदतीच्या दिवशी वाचनालयात जाऊन विचारलं की काउंटरवरच्या बाई संगणकात बघायच्या आणि म्हणायच्या, "आज सकाळीच परत आलं होतं. पण त्यांनी लगेच पुन्हा नेलं."

हे 'त्यांनी' म्हणजे कोण, ते मी बरेच दिवस विचारलं नाही. मी पेठ वडगावच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. सकाळी कोल्हापुरातून एसटीनं जाते आणि संध्याकाळी परत येते. तो माणूस मुदत संपली की सकाळी पुस्तक परत करायचा, तासभर वर्तमानपत्रं वाचायचा आणि तेच पुस्तक पुन्हा स्वतःच्या नावावर टाकून घरी न्यायचा. नियमात बसत होतं. मी संध्याकाळी पोचायचे आणि हात हलवत परत यायचे.

मला त्या पुस्तकाची एवढी घाई का होती, ते सांगायला हवं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली त्या वर्षी मला काहीतरी झालं. आजार नव्हता. पण एका जागी बसवेना. भाजी फोडणीला टाकून मी गच्चीत जाऊन यायचे. टीव्हीसमोर बसले तर दहा मिनिटांत उठून कपाट आवरायला घ्यायचे. नवरा बँकेतून घरी आला की म्हणायचा, "अगं, जरा टेक की कुठंतरी." त्या काळात मी मेंदूवरचं एक पुस्तक वाचलं, मग मनावरचं, मग तर्कशास्त्रावरचं. इंग्रजी पुस्तकं. मी बीएस्सी गणित घेऊन केलेली, पण कॉलेज सुटल्यापासून अशी पुस्तकं हातात धरली नव्हती. एसटीत उभ्यानं वाचायचे, स्टाफरूममध्ये डबा खाताना वाचायचे. आज कळतं, मी ती वाचत नव्हते, संपवत होते. शेवटचं पान आलं की छातीवरचं काहीतरी उतरायचं आणि दोन दिवसांत पुन्हा चढायचं.

या सगळ्या पुस्तकांत एका सिद्धतेचा उल्लेख यायचा. गणिताच्या कुठल्याही पुरेशा मोठ्या नियमावलीत अशी काही वाक्यं असतात, जी खरी असतात पण त्या नियमांनी सिद्ध करता येत नाहीत. आणि हे खुद्द गणितानंच सिद्ध करून दाखवलं आहे. उल्लेख यायचा आणि पुढं लिहिलेलं असायचं की तपशील फार तांत्रिक असल्यामुळं इथं देत नाही. प्रत्येक लेखक नेमका त्या दारापर्यंत नेऊन सोडायचा. मला हवं होतं त्या पुस्तकात ती सिद्धता सगळ्या पायऱ्यांसह होती. आणि ते कुणीतरी अडवून बसलं होतं.

शेवटी एका शनिवारी मी काउंटरवरच्या बाईंना विचारलंच, "कोण आहेत हे गृहस्थ? प्रोफेसर आहेत का?"

"प्रोफेसर कसले? उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप आहे. पॅटर्नवाले मिस्त्री."

मी तशीच रिक्षा करून गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते.

वर्कशॉप म्हणजे एका गल्लीच्या टोकाची पत्र्याची लांबट खोली. आत लाकडाचा वास, भिंतीला टांगलेले पंपाचे, गिअरबॉक्सचे लाकडी नमुने, लाल-पिवळ्या रंगात रंगवलेले. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत असा लाकडी नमुना दाबून त्याचा ठसा घेतात. तो नमुना करायचं मिस्त्रींचं काम. साठीच्या पुढचे, बारीक, चष्म्याला दोरी बांधलेली. मी माझी ओळख सांगितली आणि पुस्तकाचं नाव घेतलं.

"असं व्हय," ते म्हणाले. "मग तुमीच त्या बाई. वाचनालयात सांगत हुते, कुणीतरी बाई लई तळमळाय लागल्यात म्हणून."

"तुम्ही सात महिने ते पुस्तक सोडत नाही. दुसऱ्यालाही वाचायचं असतं."

"वाचा की. पर माझं अजून हुईत न्हाय त्येला काय करू?"

"कितव्या पानावर आहात?"

त्यांनी ड्रॉवरमधून पुस्तक काढलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आणि खूण बघून म्हणाले, "एकेचाळीस."

मला हसू आलं आणि रागही आला. सात महिन्यांत एकेचाळीस पानं! त्यांनी कपाटातून दोन फुलस्केप वह्या काढून दाखवल्या. प्रत्येक पानावरचं प्रत्येक उदाहरण सोडवलेलं, अवघड इंग्रजी शब्दांचे अर्थ समासात, आणि जिथं कळलं नव्हतं तिथं तेच सूत्र पुन्हा चार-पाच वेळा लिहिलेलं. अक्षर सुरेख, ड्रॉइंग काढणाऱ्याचं. अकरावीनंतर शाळा सुटली, ते म्हणाले. आता पुष्कळसे नमुने संगणकावर आखून मशीनवर कापतात, त्यामुळं हाताला काम कमी आणि वेळ भरपूर. नातीच्या पाठ्यपुस्तकात एक कोडं सापडलं, त्यावरून ते इथपर्यंत आले होते.

"तुमी झेरॉक्स काढून घ्या," ते म्हणाले. "आन आयतवारी येत जावा सवड काढून. मला इच्यारायला कुणी न्हाय."

मी त्याच दिवशी पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढली, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि बत्तीस दिवसांत ते संपवलं. जिथं अडलं तिथं फोनवर व्हिडिओ बघितले. त्यातला मुलगा हसत हसत, रंगीत आकृत्या काढून असं काही सांगायचा की वाटायचं, एवढंच होय! मग मी पुढचं पान उलटायचे.

रविवारी मिस्त्रींकडं जायचे. ते त्रेचाळिसाव्या पानावर असायचे. चिन्हांना क्रमांक कसे द्यायचे, क्रमांकांवरून सूत्राचा क्रमांक कसा काढायचा, हे ते एकेक करून बघत असत. मला ते संथपण सोसायचं नाही. मी म्हणायचे, "मिस्त्री, हे एवढं गिरवत बसू नका हो. पुढं गेल्यावर याची गंमत कळते."

"न्हाय बाई. नमुना एक मिलिमीटर चुकला तर शंभर कास्टिंगं चुकत्यात. जरा दमानं."

दम हा शब्द तेव्हा मला शिवीसारखा लागायचा.

त्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या गणित शिक्षकांचं एक शिबिर होतं आणि मला तासभर बोलायला सांगितलं होतं. मी विषय घेतला, गणिताला स्वतःबद्दल काय सांगता येत नाही. मला फार आनंद झाला होता. चार दिवस मी स्लाइड करत होते. मिस्त्रींनाही बोलावलं. ते इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून आले आणि मागच्या बाकावर बसले.

भाषण छान झालं. म्हणजे लोकांना आवडलं. मी सांगितलं की प्रत्येक वाक्याला एक क्रमांक देता येतो. मग असं एक वाक्य बनवतात, जे स्वतःचाच क्रमांक पोटात घेऊन बसतं आणि म्हणतं, या क्रमांकाचं वाक्य सिद्ध करता येत नाही. ते खोटं असेल तर सिद्ध करता येईल, म्हणजे खोटी गोष्ट सिद्ध होईल. म्हणून ते खरं आहे आणि सिद्ध करता येत नाही. आणि आपल्याला ते खरं आहे हे दिसतं, पण नियमांनी चालणाऱ्या यंत्राला दिसत नाही. म्हणून माणसाचं मन यंत्राहून मोठं. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज जरा चढला. टाळ्या पडल्या.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? मागून मिस्त्रींनी हात वर केला.

"बाई, एक शंका हाय. तुमी म्हणताय, वाक्य सोताचा नंबर पोटात घेतंय. पर त्या पुस्तकातल्या रीतीनं वाक्याचा नंबर काढला तर त्यो वाक्यापरीस कितीतरी लांब हुतोय. मी लहान लहान वाक्यांचे काढून बघितल्यात. मग येवढा लांब नंबर त्या वाक्यात मावतोय कसा?"

सभागृहात थोडं हसू उमटलं. त्यांच्या बोलण्याला हसले की प्रश्नाला, कोण जाणे. मी मात्र हसले नाही. कारण प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो मला कधी पडलाच नव्हता.

"ते जरा तांत्रिक आहे," मी म्हणाले. "वेळेअभावी त्यात जाता येणार नाही."

म्हणजे ज्या वाक्यासाठी मी त्या सगळ्या लेखकांवर वर्षभर चिडले होते, तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं.

चहाच्या वेळी मिस्त्री जवळ आले. "मला वाटलं तुमास्नी ठावं असंल. मी अजून त्या पानापतूर गेलो न्हाय, म्हणून इच्यारलं."

"असे प्रश्न चारचौघांत विचारायचे नसतात," मी म्हणाले आणि दुसऱ्या बाजूला वळले. ते कपबशी हातात घेऊन तिथंच थोडा वेळ उभे राहिले आणि मग निघून गेले. हे आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

त्यानंतर नऊ-दहा रविवार मी उद्यमनगरात गेले नाही. घरी ती झेरॉक्स उघडली. ज्या प्रकरणात मी पेन्सिलीनं 'वा!' असं लिहून ठेवलं होतं, त्यातलं पहिलं पान मला धड वाचता येईना. वाचलं की शब्द समजायचे, वाक्य समजायचं, आणि तीन वाक्यं एकत्र झाली की सगळं हातातून निसटायचं. व्हिडिओ पुन्हा बघितला. तो मुलगाही नेमका तिथं येऊन हसला आणि म्हणाला, आता एक छोटीशी युक्ती करू. युक्ती सांगितलीच नाही त्यानं. पहिल्या वेळी मला हे जाणवलंसुद्धा नव्हतं.

याचा मला जास्त त्रास झाला. प्रश्नाचं उत्तर माहीत नसणं ही काही मोठी गोष्ट नाही. वर्गात रोज एखादं पोर मला अडवतं. पण मला समजलं आहे असं मला पक्कं वाटत होतं. साठ-सत्तर शिक्षकांसमोर मी छाती पुढं काढून सांगितलं होतं. तेव्हा आत कुठंही काही खटकलं नव्हतं. मग मला जे बाकीचं समजलं आहे असं वाटतं, त्याचं काय? वीस वर्षं मी मुलांना ऋण गुणिले ऋण धन शिकवते, ते तरी मला समजलं आहे का? वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबायला लागले. मुली विचारायच्या, "बाई, काय झालं?" घरी मी गच्चीत फेऱ्या मारायचे. नवऱ्यानं एकदा खालूनच हाक मारली, "अगं, नोकरी तर गेली नाही ना?" मी वर बोलावून त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग त्या मिस्त्रींना सांगून टाक की, मलाही येत नाही म्हणून. त्यात काय एवढं?"

त्यात फार होतं. म्हणून मी गेले नाही.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली आणि मला दुसऱ्या शाळेत सुपरव्हिजन लागलं. सुपरव्हिजन म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. तीन तास. फोन बाहेर जमा. पुस्तक नाही, कागद-पेन्सिल घेऊन काही खरडायचं नाही, बसायचंही नाही. पंचवीस मुलं खाली मान घालून लिहितात आणि आपण बाकांमधून फिरायचं. त्या दिवशी भाषेचा पेपर होता. खिडकीतून उसाच्या ट्रॉलीचा आवाज येत होता. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी एकाच प्रश्नावर बोट ठेवून बसली होती. जाता जाता माझी नजर गेली, रिकाम्या जागी योग्य शब्द भरा.

मी पुढं गेले, फळ्यापाशी वळले, परत आले. रिकामी जागा. त्या प्रकरणात रिकाम्या जागेचं काहीतरी होतं. अपुरं वाक्य. अपुऱ्या वाक्यालाही क्रमांक असतोच. मग मी चालता चालता मनातल्या मनात एक अपुरं वाक्य बनवलं: 'क्रमांक अमुकच्या अपुऱ्या वाक्यातल्या रिकाम्या जागी त्याचाच क्रमांक भरला, तर जे वाक्य तयार होईल ते सिद्ध करता येत नाही.' यात 'अमुक'च्या जागी काही नाही, ती रिकामी. समजा, या अपुऱ्या वाक्याचा क्रमांक सतरा. आता रिकाम्या जागी सतरा भरला. तर ते वाक्य काय म्हणतं? सतरा क्रमांकाच्या अपुऱ्या वाक्यात सतरा भरल्यावर जे तयार होतं ते सिद्ध करता येत नाही. पण सतरात सतरा भरल्यावर जे तयार होतं, ते म्हणजे हेच की!

मी दाराजवळ थांबले. वाक्यात स्वतःचा क्रमांक नव्हताच. ज्या अपुऱ्या वाक्यापासून ते घडलं त्याचा क्रमांक होता, आणि पुढं काय करायचं त्याची रीत होती. स्वतःचा क्रमांक पोटात घ्यायची त्याला गरजच नव्हती. मावण्याचा प्रश्नच नव्हता.

अजून दोन तास दहा मिनिटं होती. कागदावर मांडता येईना, कुणाला सांगता येईना. विसरेन या भीतीनं मी तेच पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले. ओठ हलत असावेत, कारण पहिल्या बाकावरचा मुलगा माझ्याकडं घाबरून बघत होता. पुरवण्या वाटल्या, सह्या केल्या, एकदा चुकून दुसऱ्याच रकान्यात सही केली. पेपर गोळा करून पाकिटं जमा केली आणि मी एसटी स्टँडकडं जवळजवळ पळत निघाले.

मिस्त्री पॉलिश पेपरनं एक गोल नमुना घासत होते. मला बघून त्यांनी तो खाली ठेवला. स्टूल पुढं सरकवलं.

"मिस्त्री, त्या दिवशी मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं," मी उभ्याउभ्याच म्हणाले. "'ते जरा तांत्रिक आहे' असं मी म्हणाले, ते खोटं होतं. आणि तुम्हाला जे बोलले तेही चुकलंच."

"ऱ्हाऊ द्या की बाई. आता आलंय का उत्तर?"

"आलंय असं वाटतं. तुम्ही तपासा."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "पुन्यांदा." मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी फुलस्केप वहीचं पान काढून मला पेन दिलं. लिहिताना एके ठिकाणी मी अडले. सतरात सतरा भरायची क्रिया ही स्वतःच त्या गणिताच्या चिन्हांत लिहिता यायला हवी, ती येते का? मला ते माहीत नव्हतं.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी आपल्या वहीची मागची पानं उलटली. तीच ती पानं, जी गिरवत बसू नका असं मी त्यांना सांगत होते. चिन्ह बदललं की क्रमांक कसा बदलतो, एका क्रमांकावरून दुसरा कसा काढायचा, ते सगळं त्यांनी पायरी पायरीनं करून ठेवलं होतं. "ह्ये बगा. भरायची क्रिया म्हंजे निव्वळ गुणाकार-भागाकाराची लांबड हाय. लिवता येतीया. लई लांब हुईल, पर येतीया."

आम्ही दोघांनी ते जोडून घेतलं. बाहेर गल्लीत कुणीतरी ग्राइंडर लावला होता, त्याच्या आवाजात आम्ही ओरडून बोलत होतो. शेवटी मिस्त्रींनी चष्मा काढला आणि डोळे चोळत म्हणाले, "मावलं की वं बाई." मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. पंधरा-वीस मिनिटं मी त्या स्टुलावर बसून होते. हात-पाय शांत होते. कुठं जायचं नव्हतं.

ते टिकलं नाही. घरी पोचेपर्यंत पुन्हा घोर लागला, आपल्याला खरंच कळलं आहे की पुन्हा तसंच वाटतं आहे? जेवण वाढता वाढता मी नवऱ्याला सांगायला गेले आणि मध्येच गोंधळले. सकाळी उठून पुन्हा मांडलं तेव्हा जमलं. आता मी असं करते, जे कळलं असं वाटतं ते दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहून बघते. निम्म्या वेळा येत नाही. झेरॉक्स पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केली. पेन्सिलीनं लिहिलेले 'वा!' खोडले नाहीत, पण त्यांच्याकडं बघवत नाही. वर्गात मुलगी अडली तर आता मी घाई करत नाही असं म्हणायला मला आवडेल. कधी कधी करतेच.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं शेवटच्या प्रकरणात पोचलो. मिस्त्री एकदाचे पोचले, मी दुसऱ्यांदा. त्यात मनाचा विषय आहे. मी शिबिरात जे आवाज चढवून बोलले होते ते तिथलंच, माणसाला ते वाक्य खरं असल्याचं दिसतं, यंत्राला दिसत नाही, म्हणून मन यंत्र नव्हे. मिस्त्रींना हे पटत नाही.

"ते वाक्य खरं कधी?" ते विचारतात. "नियमांत कुठं गडबड नसंल तरच न्हवं का? पर गडबड न्हाय, ह्ये तुमास्नी कुणी सांगितलं?"

"पण आपल्याला दिसतं ना, मिस्त्री."

"दिसतंय? तुमास्नी त्या दिवशी श्टेजवर बी दिसत हुतं की."

हे त्यांनी मला टोचायला म्हटलेलं नव्हतं. ते तसे माणूसच नाहीत. पण मागच्या रविवारी हे वाक्य ऐकून मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. मनात धुमसत कोपऱ्यापर्यंत गेले. माणसाला आपली चूक उशिरा का होईना, कळते; यंत्राला ती कळते का? हा मुद्दा त्यांना सांगायलाच हवा होता. बस समोर येऊन थांबली होती. मी ती सोडली आणि परत फिरले.

मिस्त्रींनी तेवढ्यात करवतीचं मशीन चालू केलं होतं आणि लाकडी फळी पात्यापाशी धरली होती. मला दारात बघून त्यांनी फळी मागं घेतली, बटण बंद केलं आणि पातं थांबेपर्यंत वाट बघितली.

"बोला," ते म्हणाले.